भेंडीबाजारचा हिशेब : साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासाचे एक प्रकरण

दक्षिण मुंबईतील भेंडीबाजाराच्या साडेसोळा एकरांचा समूह पुनर्विकास २००९ साली सुरू झाला आणि अजून पूर्ण झालेला नाही. जुन्या शहराचा गाभा नव्याने बांधण्याचा खर्च किती आणि लाभ किती, हे मोजायला महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण मला दिसत नाही. इथे हेतूबद्दल फारशी शंका नव्हती, पैसा बऱ्यापैकी उपलब्ध होता आणि कायदाही अनुकूल करून घेतलेला होता. एवढे सगळे जुळूनही जे कठीण गेले, ते कशामुळे, हे या टिपणात तपासायचे आहे. रहिवासी, दुकानदार आणि घरमालक यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत; सार्वजनिक नोंदीत असलेल्या संस्था, कायदे आणि घटना यांचा मात्र नावानिशी उल्लेख केला आहे.

पार्श्वभूमी

क्रॉफर्ड मार्केटकडून मोहम्मद अली रोडने उत्तरेकडे निघाले, की जे. जे. रुग्णालयाच्या अलीकडे डाव्या हाताला जो दाट वस्तीचा पट्टा लागतो, तो भेंडीबाजार. ‘बिहाइंड द बाजार’ या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. मला मात्र भेंडीच्या झाडांवरून नाव पडले हे मत अधिक पटते, कारण शेजारची उमरखाडी उंबरावरून आणि थोडे पुढचे चिंचपोकळी चिंचेवरून ओळखले जात असताना भेंडीनेच काय पाप केले होते?

इथल्या बहुतेक इमारती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी उभ्या राहिल्या. गोदीत आणि बाजारपेठांत कामाला आलेल्या एकट्या पुरुषांना रात्री पाठ टेकायला जागा मिळावी, एवढाच त्यांचा उद्देश होता. लांब गॅलरी, तिला लागून ओळीने खोल्या, टोकाला सामायिक संडास, तळमजल्यावर दुकाने अशी त्यांची रचना होती. पुढे पुरुषांमागून कुटुंबे आली, खोल्या त्याच राहिल्या, आणि पोटमाळे चढवून एका खोलीत दोन पिढ्या राहू लागल्या. वस्तीत दाऊदी बोहरा समाजाचे प्राबल्य आहे. त्यांची सैफी मशीद आणि ज्याच्या आतील भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे, तो रौदत ताहेरा हा मकबरा याच भागात आहेत. इतर मुस्लिम समाजांची आणि काही अन्य कुटुंबांचीही इथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे.

मराठी वाचकाला ही जागा आणखी एका कारणाने ठाऊक असते. मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू इथे स्थायिक झाले आणि त्यांच्या गायकीला भेंडीबाजार घराणे हे नाव मिळाले. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही नावे संस्थानांवरून आणि गावांवरून पडली. शहरातल्या एका बाजाराच्या नावाने ओळखले जाणारे घराणे विरळाच. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर या नझीर खाँसाहेबांच्या शिष्या. हा वारसा दगडविटांचा नाही आणि म्हणून पुढे कोणत्याही तक्त्यात तो आला नाही, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

या परिसरावर नूतनीकरणाचा प्रयोगही पहिल्यांदाच होत नव्हता. १८९६ साली जवळच्याच मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले, त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला, आणि दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून न्यासाने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड असे रुंद रस्ते काढले. सुरुवातीच्या वर्षांत न्यासाने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. त्यामुळे उठवलेली माणसे शेजारच्याच गल्ल्यांत आणखी दाटीने राहायला गेली. म्हणजे आजच्या गर्दीचा काही भाग हा शंभर वर्षांपूर्वीच्या सुधारणेचाच परिणाम होता. २००२ मध्ये डोक्यावरून जे. जे. उड्डाणपूल गेला, तेव्हा शहराने हा भाग सुधारण्याऐवजी ओलांडून जाण्याचा मार्ग शोधला, असेही म्हणता येईल.

अडचण

इमारती मोडकळीस का आल्या, याचे उत्तर वयात कमी आणि कायद्यात अधिक सापडते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धकाळातील टंचाईवरचा हा तात्पुरता उपाय अर्धे शतक टिकला. घरमालकाला महिन्याकाठी मिळणाऱ्या रकमेत एक प्लंबरही यायला तयार नव्हता, तेव्हा त्याने दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूने घरात शिरताना पागडी, म्हणजे ताब्यासाठी एकरकमी मोठी रक्कम, मोजलेली असल्यामुळे तो स्वतःला अर्धा मालक समजत होता, पण पूर्ण मालक नसल्यामुळे इमारतीवर खर्च करण्याचे त्यालाही कारण नव्हते. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी आता वाजवी उरलेल्या नाहीत असे म्हटले आणि १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. परंतु मूळ रक्कमच नगण्य असल्यावर तिचे ४ टक्के किती होणार?

इमारती कोसळू लागल्या, तेव्हा शासनाने १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला, भाडेकरू आणि मालकांवर उपकर बसवला आणि त्या पैशातून दुरुस्ती सुरू केली. त्या वेळी बेट शहरात, म्हणजे उपनगरे वगळता मूळ मुंबईत, अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. मंडळाला दर चौरस मीटरमागे ठरावीक मर्यादेतच खर्च करता येत असल्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी गिलावा, काही तुळया आणि लोखंडी टेकू यापलीकडे काम गेले नाही. भेंडीबाजारात पावसाळ्यापूर्वी टेकू लागणे हे ऋतुचक्राचा भाग झाले होते.

आकडे पाहिले की अडचणीचे खरे स्वरूप कळते. साडेसोळा एकरांत सुमारे २५० इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबे, सुमारे १,२५० दुकाने व व्यवसाय आणि एकंदर २०,००० च्या आसपास माणसे होती. एकराला १,२०० माणसे, किंवा चौरस किलोमीटरला ३ लाख, असा हा हिशेब पडतो. साडेसोळा एकर म्हणजे सुमारे ७ लाख १९ हजार चौरस फूट जमीन. प्रत्येक कुटुंबाला ३५० चौरस फुटांचे घर द्यायचे ठरवले, तर केवळ घरांनाच ११ लाख २० हजार चौरस फूट चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचे मिळून क्षेत्रफळ) लागते; म्हणजे रस्ते, दुकाने, मशिदी, जिने काही नसते आणि संपूर्ण जमिनीवर भिंतीला भिंत लावून घरे बांधली असती, तरी दुसरा मजला अर्धा भरला असता. कोणत्याही मार्गाने गेले तरी वर चढण्यावाचून गत्यंतर नव्हते, फक्त किती चढायचे एवढेच ठरवायचे होते.

विचारात घेता येण्याजोगे पर्याय

पहिला पर्याय चालू होता तोच, दुरुस्तीचा. त्याचा खर्च सर्वांत कमी आणि विस्थापन जवळपास शून्य. परंतु लाकडी सांगाडे आणि गंजलेल्या तुळया यांच्यावर केलेली दुरुस्ती पाच-दहा वर्षांची मुदत विकत घेते, संडास घरात येत नाही आणि जोखीम रहिवाशांच्या डोक्यावर तशीच राहते. हा पर्याय स्वस्त दिसतो, कारण त्यातला सर्वांत मोठा खर्च इमारत पडेपर्यंत कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

दुसरा पर्याय एकेका इमारतीच्या पुनर्विकासाचा, विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली. यात मालक किंवा विकासक जुन्या भाडेकरूंना फुकट घरे देतो आणि वाढीव चटईक्षेत्रातून विक्रीची घरे काढून खर्च भरून काढतो. मुंबईत अशा शेकडो इमारती झाल्या आहेत. पण लहानशा भूखंडावर, तितक्याच अरुंद गल्लीत, पेन्सिलीसारखा मनोरा उभा राहतो. रहिवाशांचे घर सुधारते, गल्ली होती तशीच राहते आणि अग्निशमन दलाची गाडी पूर्वीइतकीच लांब थांबते. शिवाय विकासक ज्या इमारतींत भाडेकरू कमी, त्याच उचलतो. खचाखच भरलेल्या, म्हणजे सर्वाधिक गरज असलेल्या इमारती मागे राहतात.

तिसरा पर्याय जतनाचा होता: दर्शनी भाग, नक्षीचे सज्जे, लाकडी कठडे राखून आतली बांधणी नवी करायची आणि काही कुटुंबांना अन्यत्र हलवून दाटी कमी करायची. वारसाप्रेमींना हा पर्याय जवळचा वाटतो आणि मलाही काही इमारतींपुरता तो योग्य वाटला असता. त्यातली मेख ‘काही कुटुंबांना अन्यत्र’ या तीन शब्दांत आहे. ज्याचे दुकान खाली आणि घर वर आहे, ज्याची मशीद, शाळा आणि उधारी देणारा वाणी दोनशे पावलांवर आहे, त्याला दूर मिरा रोडला मोठे घर दिले, तर तो लाभ की शिक्षा? सुधार न्यासाच्या काळातली चूक याच वळणावर झाली होती.

चौथा पर्याय समूह पुनर्विकासाचा. २००९ मध्ये ३३(९) या कलमात बदल होऊन बेट शहरात किमान ४,००० चौरस मीटरचा सलग भाग एकत्र विकसित केल्यास ४ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या चौपट चटईक्षेत्र, देण्याची तरतूद झाली. त्यासाठी ७० टक्के रहिवाशांची संमती आवश्यक होती. रस्ते नव्याने आखता येतात, मलनिस्सारण आणि वाहनतळ एकत्र करता येतात, मोकळी जागा मिळते. त्याची किंमत अशी की सगळे किंवा काहीच नाही, असा तो खेळ होतो. मधल्या एका इमारतीने नकार दिला, तर दहा इमारती अडतात.

निर्णय आणि कार्यवाही

दाऊदी बोहरांचे ५२ वे धर्मगुरू सैयदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चौथा पर्याय निवडला. प्रकल्पाचा खर्च सुमारे ४,००० कोटी रुपये सांगितला गेला. ३,२०० घरे आणि १,२५० दुकाने मिळून ४,४५० गाळे धरले, तर दर गाळ्यामागे हा खर्च ९० लाखांच्या घरात जातो. हा भार नुसत्या भाडेवाढीतून किंवा मंडळाच्या दुरुस्ती निधीतून कधीच निघाला नसता.

यातले तीन निर्णय निर्णायक ठरले, असे मला वाटते.

पहिला निर्णय नफा न घेण्याचा. नव्या बांधकामाचा मोठा भाग जुन्या रहिवाशांसाठी आणि लहान भाग विक्रीसाठी ठेवण्यात आला. विक्रीचा उद्देश खर्च भागवणे एवढाच होता. खासगी विकासकाने हेच गणित केले असते, तर विक्रीचा भाग फुगला असता किंवा तो या भानगडीत पडलाच नसता. प्रत्येक कुटुंबाला, आधीची खोली कितीही लहान असली तरी, किमान ३५० चौरस फुटांचे स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेले मालकी हक्काचे घर द्यायचे ठरले. नंतर शासनाने ब्रिटिश काळातल्या सरकारी बीडीडी चाळींसाठी ५०० चौरस फूट जाहीर केले, तेव्हा साहजिकच तुलना सुरू झाली. परंतु वरळीच्या बीडीडी चाळींतील मोकळी पटांगणे आणि भेंडीबाजारातील गल्ल्या यांत जमिनीचा जो फरक आहे, तो त्या तुलनेत धरला जात नाही.

दुसरा निर्णय इमारती मालकांकडून विकत घेण्याचा. कायद्यात दुसरा रस्ता होता. १९८६ साली म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यात घातलेल्या प्रकरणानुसार भाडेकरूंची सहकारी संस्था मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादित करून घेऊ शकते. भाडेच नगण्य असल्यामुळे ही रक्कम मालकाला चेष्टाच वाटणार. त्या तरतुदीला मालकांच्या संघटनेने न्यायालयात आव्हान दिले आणि त्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न थेट ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाच्या निकालापर्यंत गेला. ट्रस्टने त्या वाटेला न जाता वाटाघाटी करून बहुतेक इमारती खरेदी केल्या. कागदावर हा महागडा मार्ग होता, पण तीन दशकांच्या खटल्याची किंमत पाहता तो स्वस्तच पडला. खरेदीच्या या मालिकेत एक अनपेक्षित प्रकरणही आले: याच परिसरातील दाऊद इब्राहिमच्या जप्त केलेल्या तीन मालमत्तांचा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये लिलाव केला आणि त्या ट्रस्टनेच ११ कोटी ५८ लाखांना घेतल्या. सलग जमीन हवी असली, की शेजारी निवडता येत नाहीत.

तिसरा निर्णय संक्रमण घरांच्या जागेचा. माझगावसारख्या जवळच्या भागात तात्पुरती घरे उभारण्यात आली, त्यामुळे निदान अनेकांची शाळा आणि पेढी सुटली नाही. मुंबईत ‘संक्रमण शिबिर’ या शब्दाला एक कडवट अर्थ आहे. त्या शिबिरांत गेलेल्यांपैकी कित्येक जण तिथेच म्हातारे झाले, हे प्रत्येक भाडेकरूला माहीत असते. त्यामुळे संमतीपत्रावर सही करताना माणूस नव्या घराच्या नकाशाकडे कमी आणि तात्पुरत्या घराच्या पत्त्याकडे अधिक पाहतो. जवळची जागा दिली नसती, तर ७० टक्क्यांचा आकडा गाठणे अवघड गेले असते, असा माझा अंदाज आहे.

संमती मिळण्यामागे आणखी एक बळ होते, ते म्हणजे धर्मगुरूंचा शब्द. बोहरा कुटुंबांच्या दृष्टीने हा केवळ बांधकामाचा करार नव्हता. हे बळ प्रकल्पाला उपयोगी पडले, याबद्दल दुमत नाही. मात्र या समाजाबाहेरच्या भाडेकरूला तो विश्वास उपजत नव्हता; त्याच्यासाठी ट्रस्ट हा इतर कोणत्याही विकासकासारखाच एक विकासक होता आणि त्याच्या शंकांना श्रद्धेऐवजी कागदाने उत्तर द्यावे लागणार होते. दुसऱ्या शहरातील एखाद्या पालिकेने हा प्रकल्प आदर्श म्हणून उचलायचा ठरवला, तर हे बळ तिला उचलून नेता येणार नाही.

३१ ऑगस्ट २०१७

या दिवशी सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे मृत्युमुखी पडली. इमारत शंभराहून अधिक वर्षांची होती आणि पुनर्विकासाच्या क्षेत्रात येत होती. ती २०११ मध्येच धोकादायक ठरवली गेली होती. काही कुटुंबे काही वर्षांपूर्वी संक्रमण घरांत गेली होती, काही राहिली होती. २०१६ मध्ये पाडण्याची परवानगीही मिळाली होती. म्हणजे इमारत धोक्याची आहे हे माहीत होते, पर्यायी घरांची व्यवस्था होती, पाडण्याचा कागद होता, आणि तरीही त्या सकाळी आत माणसे होती. कोणी कोणाला किती नोटिसा दिल्या, कोणी का जागा सोडली नाही, जबाबदारी ट्रस्टची, मंडळाची की रहिवाशांची, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेत न शिरताही एक गोष्ट स्पष्ट दिसते.

समूह पुनर्विकासात इमारती रिकाम्या करण्याचा क्रम बांधकामाच्या सोयीने ठरतो. ज्या गटाचे काम आधी, त्या गटाच्या इमारती आधी रिकाम्या. इमारतींच्या जर्जरतेचा क्रम वेगळाच असतो. या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथे ‘आता लवकरच नवीन घर मिळणार आहे’ या आशेवर दुरुस्ती थांबलेली असते. पहिल्या पर्यायात निदान टेकू लागत होते. मोठा प्रकल्प जाहीर झाल्यानंतरचा आणि प्रत्यक्ष कुदळ पडण्यापूर्वीचा काळ हा जुन्या इमारतीच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ असतो. कारण तेव्हा तिच्यावर पैसा खर्च करायला कोणीच तयार नसते.

दर्शनी हिशेबात विलंब हा पैशाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. समजा, ४,००० कोटींपैकी निम्मी रक्कम जमिनीत आणि संक्रमण घरांत अडकून पडली आणि तिच्यावर वर्षाला ८ टक्के व्याज धरले, तर एका वर्षाचा उशीर १६० कोटींना पडतो. हा आकडा केवळ कल्पना येण्यासाठी मी मांडला आहे. असा हिशेब वित्तव्यवस्थापक करतातच. हुसैनी इमारतीने दाखवलेला विलंबाचा दुसरा खर्च त्या रकान्यात बसत नाही.

निष्पत्ती

पहिल्या टप्प्यातील ‘अल सआदा’ या दोन मनोऱ्यांत २०२० मध्ये सहाशेहून अधिक कुटुंबे आणि शंभराहून अधिक दुकाने परत आली. पुढचे टप्पे सुरू आहेत. आज उड्डाणपुलावरून जाताना पस्तीस मजल्यांहून उंच नव्या इमारती, त्यांच्या पायथ्याशी क्रेन आणि पलीकडे टेकू लावलेले जुने सज्जे असे सगळे एकाच नजरेत येते.

लाभ कोणाला झाला, हे पाहताना सरासरी काढणे फसवे ठरते. सर्वांत मोठा लाभ बायकांच्या वाट्याला आला, असे मी निःसंकोच म्हणेन. रात्री सामायिक संडासापर्यंत गॅलरीतून जाणे, पहाटे पाण्याच्या वेळा सांभाळणे आणि मोरीच्या दोन हात जागेत सगळे उरकणे हे ज्यांनी केले, त्यांना घरात स्वतःचे न्हाणीघर असणे म्हणजे काय, हे कोणत्याही तक्त्याने सांगण्याची गरज नाही. उद्वाहनामुळे चौथ्या माळ्यावर अडकून पडलेल्या वृद्धांना रस्ता दिसला. पागडीचा संदिग्ध हक्क जाऊन मालकीचा दस्त आला. तो गहाण टाकता येतो, मुलांच्या नावे करता येतो. या मालकी हक्काचे बाजारमूल्यच इतके आहे, की केवळ रुपयांच्या भाषेत पाहिले तरी रहिवाशाच्या बाजूने तराजू झुकतो.

दुकानदारांचे चित्र इतके सरळ नाही. अत्तर, टोप्या, रिदाचे (बोहरा बायकांच्या पेहरावाचे) कापड, हार्डवेअर, फरसाण असा ज्याचा धंदा, त्याचे गिऱ्हाईक चालता चालता थांबणारे असते. गल्लीच्या तोंडाशी आठ फूट रुंदीचा गाळा असणे आणि आखीव व्यापारी मजल्यावर तेवढेच चटईक्षेत्र असणे यांत चौरस फूट सारखे असले तरी गल्ला सारखा नसतो. पुनर्वसनाच्या नियमांना क्षेत्रफळ कळते, वर्दळ कळत नाही. शिवाय काही वर्षे दुसरीकडे दुकान मांडल्यावर जुने गिऱ्हाईक नव्या जागी येतेच, असे नाही. रमजानच्या दिवसांत ज्याचा वर्षाचा अर्धा धंदा होतो, त्याच्यासाठी हरवलेला प्रत्येक रमजान मोजून घ्यावा लागतो.

आणि गेले ते काय? सैफी मशीद आणि रौदत ताहेरा राखले गेले, नव्या इमारतींच्या दर्शनी भागावर कमानी आणि जाळ्याही आल्या. जुन्या चाळींचे लाकडी सज्जे, ओतीव लोखंडाचे कठडे, माणसाच्या उंचीला बेतलेल्या गल्ल्या गेल्या. या इमारतींपैकी फार थोड्या वारसा म्हणून गणल्या जाण्याच्या योग्यतेच्या होत्या, हे मान्य. पण समूहाचे सौंदर्य सुट्या इमारतीच्या प्रतवारीत मोजले जात नाही आणि पाडण्यापूर्वी गल्लीगणिक मोजमापाची रेखाटने, छायाचित्रे आणि रहिवाशांच्या आठवणी यांची एक सार्वजनिक नोंद व्हायला हवी होती. तिचा खर्च एका मनोऱ्याच्या रंगकामाहून कमी आला असता.

काय वेगळे करता आले असते

माझ्या मते पहिला बदल क्रमात व्हायला हवा होता. संपूर्ण क्षेत्र एक आराखडा म्हणून मंजूर करावे, परंतु इमारती रिकाम्या करताना बांधकामाची यादी बाजूला ठेवून धोक्याची यादी आधी घ्यावी, संक्रमण घरांची पहिली तुकडी तिलाच द्यावी आणि ज्या इमारतींवर काम यायला पाच वर्षे आहेत, त्यांच्यासाठी दुरुस्तीचा पैसा प्रकल्पाच्या खर्चातच धरावा. पाडायच्या इमारतीवर पैसे खर्च करणे हिशेबनिसाला उधळपट्टी वाटेल. ती उधळपट्टी अपरिहार्य आहे, असे हुसैनीनंतर तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

जे जागा सोडत नाहीत, त्यांच्याबाबतही विचार आधी व्हायला हवा होता. नकार देणारा प्रत्येक जण अडवणूक करणाराच असतो, असे नाही. कोणाचे वारसाहक्काचे भांडण असते, कोणाच्या नावावर पावती नसते, कोणाला संक्रमण शिबिराची भीती असते. या तिन्ही कारणांवर उपाय वेगवेगळे आहेत आणि नोटीस हा त्यांपैकी एकाचाही नाही. ७० टक्क्यांची अट पुढे २०३४ सालापर्यंतच्या विकास नियमावलीत ५१ टक्क्यांवर आणली गेली. त्यामुळे प्रकल्प लवकर सुरू होतील, हे खरे, परंतु उरलेल्या ४९ टक्क्यांना रिकामे करण्याचे काम कायद्याने सोपे केले तरी माणसांच्या पातळीवर ते अवघडच होणार आहे.

दुकानांसाठी क्षेत्रफळाबरोबर रस्त्याकडेची रुंदी हेही माप धरता आले असते. जुन्या गाळ्याला गल्लीवर जितके फूट तोंड होते, त्याचा किमान काही हिस्सा नव्या रस्त्यावर देण्याचे बंधन असते, तर रस्त्यांची आखणीच निराळी झाली असती: थोडे अरुंद, पण अधिक लांबीचे रस्ते. रुंद रस्ता हा शहररचनाकारांचा आवडता लाभ आहे आणि प्लेगच्या काळापासून तो याच भागावर लादला गेला आहे.

उरतो तो देखभालीचा प्रश्न. जुन्या खोलीचे भाडे महिन्याला जेमतेम काही रुपये किंवा काहीशे रुपये असे. मनोऱ्यातील उद्वाहने, पंप, सांडपाणी प्रक्रिया, आगप्रतिबंधक यंत्रणा यांचा खर्च त्याच्या अनेक पट येतो. नियमांत यासाठी कायम निधीची तरतूद आहे आणि तो पहिली दहा वर्षे देखभालीचा भार उचलेल, असे अपेक्षित आहे. पहिल्या दोन मनोऱ्यांपुरती ही मुदत २०३० च्या आसपास संपेल. त्यानंतर महिन्याचा देखभाल खर्च कोण किती भरू शकते, कोण घर भाड्याने देऊन दूर राहायला जाते आणि कोण विकून जाते, याची कुटुंबनिहाय नोंद ठेवायला आतापासूनच सुरुवात करावी लागेल. कारण ज्यांना जागेवरच ठेवायचे म्हणून हा सगळा महागडा मार्ग निवडला, ते तिथे राहिले की नाही, हे तेव्हाच कळेल.